मोतीरामची दाढ

खामगावच्या कापूस बाजारात कापूस पारखून भाव लावणाऱ्या मोतीरामची दाढ म्हणजे शेवटचा शब्द! गाडीतल्या कापसातून सरकीचा एक दाणा काढायचा, दाढेखाली धरायचा आणि चावायचा. कट्ट वाजला तर कापूस कोरडा. नुसता चेपला तर ओला, आणि ओल्याला भाव कमी. या दाढेची त्याला मोठी मिजास होती. गाडी पारखून झाली की तो फाटकाबाहेर जाऊन विडी ओढायचा, कारण कापसाजवळ ठिणगी चालत नाही. कापसाला जपायचं आणि स्वतःचं तोंड खुशाल जाळायचं, असा सगळा कारभार!

एके दिवशी भगवानराव गाडी घेऊन आले. मोतीरामने दाणा चावला. आवाज आला नाही.

"ओला आहे."

"काऊन हो? पाण्याचा थेंब लागला नाही याले!" भगवानरावांनी त्याच गाडीतला दुसरा दाणा स्वतःच्या दाढेखाली धरला. कट्ट! भोवतीची माणसं हसली.

"माह्या दाढेले खोटं पाडता का?" मोतीराम कडाडला आणि ओल्याचाच भाव लावून मोकळा झाला. पण घरी भाकर चावताना ती दाढ चक्क हलली. दाढच गेली तर बाजारात आपल्याला विचारणार कोण?

बायकोने, अन्नपूर्णाने, त्याला एसटीत बसवून बुलढाण्याला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तोंड तपासलं आणि पहिल्यांदा विडीचंच विचारलं.

मोतीराम उसळला. "विडीले नावं ठेवू नका! ही विडीले शिवत नाही, तरी दात घासले का इच्या हिरडीतून रक्त येते. माह्या हिरडीतून कधी थेंब आला नाही!"

"तिथंच तुम्ही फसलात," डॉक्टर म्हणाले. "हिरडीत जंतू शिरले की रक्त येतं, म्हणजे हिरडी बोंब मारते. विडीने तिथला रक्तपुरवठा आवळला जातो, मग बोंबच बंद! जंतू मात्र माजतात आणि आत हाड खचत जातं. बाईंनी दात नीट साफ ठेवले तर त्यांचं रक्त थांबेल. तुमची ही दाढ काढावी लागेल. आणि विडी चालू ठेवलीत तर पुढचे दातही जातील!"

"असं? मंग सोडूनच दाखवतो. पाहू कोण खरं ते!"

दाढ निघाली, विडी सुटली. आणि काही दिवसांत दात घासताना लाल थुंकी पडू लागली! बाजारात सगळे म्हणाले, "पाह्य, विडीच औषध होती. वढ बे एक!"

मोतीरामने पुढे आलेली विडी मोडून फेकली. "जिनं माह्या हिरडीचं तोंड दाबून ठेवलं, तिले पुन्हा तोंडात घेऊ? आता हिरडी बोलून राह्यली, बोलू द्या तिले!"

तो डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे रोज दात घासत राहिला, आणि हळूहळू रक्त थांबलं. मग भगवानरावांची गाडी पुन्हा आली. मोतीराम सगळ्यांसमोर पुढे झाला.

"मागच्या खेपेले तुमचा कापूस कोरडाच होता, भगवानराव. हलत होती ती माह्यी दाढ! तुमचं नुकसान म्या केलं. आज दाणा तुम्ही चावा, मी आयकतो."

भगवानरावांनी दाणा चावला. कट्ट!

"कोरडा!" मोतीराम खणखणीत आवाजात ओरडला.

बंधुभगिनींनो, रक्त येत नाही, दुखत नाही, एवढ्यावरून तोंड निरोगी आहे असं समजू नका. विडी दुखणं बरं करत नाही, फक्त लपवते. जी ठिणगी आपण कापसाजवळ फिरकू देत नाही, तिला ओठांशी कशाला जागा द्यायची?