अर्ध्या विटेची भिंत

गवंड्याच्या बायकोने निघताना बजावलं होतं, "भिंत बांधा आणि सरळ घरी या. लोकांच्या घरात नाक खुपसू नका." त्याने मान डोलावली. ती तो रोजच डोलवायचा.

काम साधंच होतं. दोन भावांनी घर मधोमध वाटून घेतलं, तेव्हा मध्ये अर्ध्या विटेची भिंत घातली होती. आता तिला लागून थोरल्याला दुसरी हवी होती.

"त्याचा खोकलासुद्धा ऐकू येता कामा नये," तो म्हणाला. बारा वर्षं दोघांची बोलचाल बंद होती.

थोरल्याची खुर्ची सरकवली, तर मागे भिंतीवर डोकं टेकून टेकून पडलेला तेलकट डाग. गवंड्याने सवयीने मोजला. रस्त्याच्या बाजूने सात फूट, जमिनीपासून साडेतीन.

पलीकडे खिळेबिळे असतील, बघायला हवं, असं स्वतःलाच पटवत तो धाकट्याच्या दारात जाऊन उभा राहिला.

धाकटा खुर्चीतून ताडकन उठला. "दादाने पाठवलं?"

"नाही. मीच आलो."

"मग तुमचं काय काम इथे?" त्याचा आवाज पडला.

गवंड्याने खुर्ची बाजूला सरकवली. त्या खुर्चीमागेही डाग होता. त्याने टेप लावला. सात फूट. साडेतीन. पुन्हा लावून पाहिला.

तीस वर्षं ओळंबा धरून त्याने भिंती उभ्या केल्या होत्या. पण दोन माणसं, नकळत, इतकी ओळंब्यात बसलेली त्याने कधी पाहिली नव्हती.

परत येऊन त्याने थोरल्याला सांगूनच टाकलं, "तुम्ही रोज भावाच्या पाठीला पाठ लावून बसता."

"तुम्हाला हा चोंबडेपणा कोणी सांगितला? बांधायला बोलावलंय, पंचायत करायला नाही!"

"चुकलं माझं." गवंड्याने थापी उचलली. "सुरू करू?"

थोरला भिंतीपाशी गेला. डागावर त्याने हळूच तळवा ठेवला. पलीकडे कोणीतरी खोकलं, अगदी तळव्याखाली.

बराच वेळ त्याने हात काढला नाही.

"किती वाजता बसतो तो?"

गवंडी ओशाळला. एवढी लुडबूड केली, आणि नेमकं तेच विचारायचं राहिलं होतं.

"विचारून येऊ?"

"तुम्ही नको," थोरला म्हणाला, आणि चपला शोधू लागला.