डेऱ्याच्या तळाची मूठ

मित्रांनो, डेरा म्हटलं की तुम्हाला पाणी आठवतं. मी पाण्याचा नाही. मी बियाण्याचा जुना डेरा आहे, काठाचा टवका उडालेला, अंगाला राखेचा वास असलेला. पाण्याच्या डेऱ्यात कुणीही हात घालावा. माझं तोंड उघडायचा मान मात्र घरातल्या एकाच बाईचा. एवढी ऐट मी करणारच.

जुन्नरच्या कुंभारानं मला थापटून घडवलं, भट्टीत भाजलं आणि बोटानं वाजवून पाहिलं. आवाज खणखणीत आला. बोरी बुद्रुकच्या साळुबाईनं मला घरी नेऊन बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या कोपऱ्यात ठेवलं आणि माझ्यात गावरान वाटाणा भरला. दाणा बारीक, करडा, दिसायला साधा. पण पाऊस सरल्यावर जमिनीतल्या ओलीवर वाढायचा, वरून पाणी मागायचा नाही. साळुबाई तो राखेत घोळायची, वर कडुनिंबाचा पाला दाबायची आणि माझं तोंड शेणामातीनं लिंपायची. कीड म्हणून कधी फिरकली नाही.

साळुबाई थकली तेव्हा तिनं सून बायडाबाईला माझ्यापुढं बसवलं.

"पेरायला काढशील तवा मूठभर तळाला ठेवायचा. उगवलं न्हाई तर पुन्यांदा बी कुठनं आणशील? डेरा रिता करायचा न्हाई."

बायडाबाईनं ते मनापासून पाळलं. फक्त दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही. बियाणं हे बायकांचं काम, ते पुरुषांना कशाला सांगायचं?

मग कालव्याचं पाणी आलं. नव्वदच्या दशकात गावभर ऊस आणि टोमॅटो झाला. शेजारच्या प्रयागबाईनं आपलं बियाण्याचं मडकं कोंबड्यांच्या पाण्याला काढलं. बायडाबाई मात्र बांधालगतच्या पट्टीत वाटाणा पेरत राहिली. तिचा नवरा भागुजी चिडवायचा, "ऊस सोडून हिला वाटाण्याचं लई कौतिक!" पण उसळीचा वाडगा त्याचाच आधी रिकामा व्हायचा.

दोन हजार सालच्या सुमारास, वाटाणा नुकताच निघाला होता तेव्हा, चेतना आमच्या घरी आली. वारूळवाडीला धान्याचं दुकान असलेल्या दलीचंद शेठची ही मुलगी. कृषी महाविद्यालयात ती वाटाणा, हुलगा, मटकी यांच्यातल्या प्रथिनांवर संशोधन करत होती. थोड्या पाण्यात, जमिनीचा कस न घालवता माणसाचं पोट कशानं भरेल आणि पोषण कशानं होईल, याचा तिला ध्यास. बायडाबाईनं तिला ओंजळभर वाटाणा दिला. काही दिवसांनी ती हसतच परत आली.

"मावशी, तुमच्या वाटाण्यात प्रथिनं भरपूर निघाली! बाजारच्या वाटाण्यापेक्षा जास्त. पुढच्या हंगामात आमच्या कॉलेजच्या शेतावर पेरून बघू. जमला तर गावोगाव देऊ."

बायडाबाईनं माझ्या पोटावरून हात फिरवला. मित्रांनो, एवढं कौतुक माझ्या वाट्याला कधीच आलं नव्हतं.

पाऊस सरत आला. बायडाबाई लेकीच्या बाळंतपणाला लोणीला गेली होती. भागुजी बाजारला गेला, तर दलीचंद शेठनी त्याला हाक मारली.

"भागुजीभाऊ, चार दिवसांनी चेतना तुमच्याकडे येतीये. वाटाणा तयार ठेवा म्हणाली."

शेठ पडले दुकानदार. पेरायला की खायला, हे त्यांनी मुलीला विचारलं नाही आणि भागुजीनं शेठला विचारलं नाही. वाटाणा लई पौष्टिक निघाला, एवढंच भागुजीला ठाऊक. म्हणजे खाऊनच बघणार, असा त्यानं हिशेब केला.

घरी येऊन त्यानं माझं लिंपण फोडलं. आजवर माझ्या पोटात पुरुषाचा हात आला नव्हता. पाहुणीला कमी पडू नये म्हणून त्या भल्या माणसानं मला पालथं केलं आणि बुडावर थापा मारल्या. तळाची मूठसुद्धा खाली पडली. आता राखेनं माखलेला, सालीसकट वाटाणा शेठच्या लेकीच्या हातात कसा द्यायचा? त्यानं तो धुतला, वाळवला, गिरणीत भरडून आणला, पाखडला. मला ओरडावंसं वाटलं. पण डेऱ्याला तोंड असलं तरी वाचा नसते.

ठरल्या दिवशी बायडाबाई परतली आणि तिच्या मागोमाग चेतना आली. भागुजीनं मोठ्या ऐटीत पिशवी पुढं केली. चेतनानं आत हात घातला आणि तिचा चेहरा उतरला.

"काका, ही तर डाळ झाली. ही उगवणार कशी?"

बायडाबाई धावत माझ्याकडे आली. तिचा हात थेट तळाला गेला. राखेशिवाय तिथं काही नव्हतं.

"मूठभर तरी ठेवायचा व्हता वो!"

"मला काय ठावं?" भागुजी म्हणाला. "कदी सांगितलं का कुणी?"

बायडाबाई आशेनं चेतनाकडे वळली. "ताई, मागं दिलेली ओंजळ असंल की तुमच्याकडं?"

"मावशी, तपासायला ती सगळी दळली."

प्रयागबाईला विचारलं, तर ती म्हणाली, "आमी कवाच शिजवून खाल्ला, बाई."

दुपारी ती डाळ शिजली. कुणी कुणाला बोल लावला नाही. चव छान आहे, असं चेतना म्हणाली आणि जेवता जेवता रडली.

आता त्या पट्टीत ऊस आहे. आमच्या वाटाण्यात प्रथिनं किती, ते चेतनाच्या शोधनिबंधात छापून आलं म्हणे. पेरायला मात्र दाणा नाही.

मित्रांनो, चांगल्या बियाण्याचं नुसतं कौतुक करू नका. ते चार घरांत वाटा आणि ते कसं जपायचं, हे घरातल्या लहानथोर सगळ्यांना सांगा. एकाच डेऱ्याच्या आणि एकाच बाईच्या भरवशावर ते ठेवू नका.

मी अजून त्याच कोपऱ्यात आहे. पाऊस सरला की बायडाबाई माझ्याजवळ येऊन बसते, सवयीनं हात आत घालते आणि तळ चाचपत राहते. मी तिला काय देऊ?