दिसणारा डोळा

ब्रह्मदेशातल्या मोलम्याइनच्या बाजारात ओन चाइंगचं शिवणाचं मशीन माझ्या दुकानाला लागून होतं. पन्नाशीची, बिनलग्नाची, बोलणं मोजकं. एकुलती बहीण थायलंडला मासळीच्या कारखान्यात कामाला.

एका सकाळी सहाणेवर तनाखाची साल उगाळून तो लेप तोंडाला लावताना तिच्या लक्षात आलं, की डाव्या भुवईच्या वर तो गार लागतच नाहीये. बोट फिरताना आरशात दिसत होतं, कपाळाला कळत नव्हतं. पुढे पापणी जड झाली, डोळा किंचित पुढे आला. गावातल्या डॉक्टरांनी भुवईखाली सापडलेली गाठ काढली, पण पावसाळा संपायच्या आत ती ठणकत परत आली. मग ओन चाइंग रंगूनला गेली.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी गाठीचा तुकडा तपासून घेतला. नसेच्या आवरणातून उठलेला कर्करोग होता, डोळ्याच्या खोबणीत फार क्वचित होणारा. थोडा जरी राहिला तरी मेंदूकडे सरकणार. म्हणून डोळा, पापण्या, खोबणीतलं सगळंच काढावं लागणार होतं.

"पण डॉक्टर सयामा, या डोळ्यानं मला दिसतं," ओन चाइंग म्हणाली. उजवा डोळा तळहातानं झाकून तिनं बाईंकडे पाहिलं. "तुमच्या कोटाचं दुसरं बटण उसवलंय."

बाईंचा हात बटणाकडे गेला. "हो, दिसतं," त्या हळूच म्हणाल्या. "म्हणूनच सांगायला जड जातंय. सोबत कोण आहे?"

"बहीण येतेय."

बहिणीला तिनं कळवलंच नव्हतं. ती बिनकागदाची, एकदा सीमा ओलांडून आली की परत कामावर जाणं कठीण. आणि आम्हाला बाजारात ती सांगून गेली होती, की बहिणीकडे चालले.

वॉर्डात शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती. तिची सून म्या सेइन दिवसभर तिच्या उशाशी बसून असायची.

"आमा, बहीण चालत येतेय का?" दुसऱ्या दिवशी तिनं ओन चाइंगला थोरल्या बहिणीसारखी हाक मारत विचारलं.

"येईल."

"हो, माझा नवराही मलेशियाहून येणारच आहे कधीचा." तिनं डबा उघडला. "कोणी येत नाहीये. भात खा."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारभर ओन चाइंग खिडकीशी उजवा डोळा झाकून बसली. खालचा नळ, वाळत घातलेल्या लुंग्या, छत्री उघडणारा माणूस. सगळं त्या डाव्या डोळ्यानं बघून घेतलं.

नंतर पट्टी बदलताना आजूबाजूच्या खाटांवरचे लोक तोंड फिरवायचे. म्या सेइन मात्र वाकून बघायची.

"खोल आहे गं," ती म्हणाली. "पण स्वच्छ आहे."

आठवड्यानं म्हातारी गेली. म्या सेइन भांडी गोळा करून गावी निघून गेली. ओन चाइंग मठाच्या धर्मशाळेत राहून एकटीच किरणांचे उपचार घेत राहिली.

ती परतली तेव्हा आम्हाला कळलं. डोळ्यावर पांढरी पट्टी. सुई ओवताना दोरा भोकाच्या अलीकडेच थांबायचा. डावीकडून कोणी बोललं की दचकायची, म्हणून लोक त्या बाजूनं बोलेनासे झाले. मापं द्यायला येणाऱ्या मुली छताकडे बघायच्या.

पुढच्या वर्षी रंगूनच्या तपासणीत काही निघालं नाही. ती जुन्या वॉर्डात जाऊन आली. म्हातारीच्या खाटेवर एक शाळकरी मुलगी झोपली होती, आणि म्या सेइनचा नंबर कोणाकडेच नव्हता. बसथांब्यावर केळी घेताना ती विक्रेत्याला म्हणाली, "सगळं साफ आहे म्हणाले."

"काय साफ आहे?"

"डोळा."

त्यानं पट्टीकडे पाहिलं. "बरं झालं," म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळला.

हे तिनं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. मी विचारलं, "बहिणीला कळवलंस?"

"फोनवर बोलतो की आम्ही रोज."

"मग तिला दिसलं नाही?"

ओन चाइंगनं मशीनच्या पायट्यावर पाय ठेवला. "तिला वाटतं, मला अजून फोनचा कॅमेरा लावून तोंड दाखवता येत नाही."