पुलपिटावरचा खळगा

माझ्या वरच्या फळीच्या उजव्या कडेला एक उथळ खळगा आहे. मूठ वळून आडवी ठेवलीत तर ती त्यात नेमकी बसते. मित्रांनो, मी एक जुनं पुलपिट आहे. ख्रिस्ती प्रार्थनामंदिरात उपदेशक माझ्यामागे उभे राहतात. सुताराने मला सागवानातून घडवलं ते पुस्तक ठेवायला.

खळगा पाळकांनी, म्हणजे इथल्या धर्मगुरूंनी, पाडला. मी नीट पाहिलं आहे: मुद्दा भक्कम असला की त्यांचा हात शांत असतो. मुद्दा लंगडा पडला की बुक्की. लोक टाळ्या पिटतात आणि मला संताप येतो. लाकूड दणाणलं म्हणून म्हणणं खरं होतं का?

परवा इथे वाद रंगला. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांचा विश्वास हा येशूच्या पुनरुत्थानाचा पुरावा मानायचा का? एका बाजूला पाळक, दुसऱ्या बाजूला त्यांची थोरली बहीण. ती डॉक्टर आहे.

“खोट्यासाठी कुणी जीव देईल का?” पाळकांनी विचारलं.

“देईल, त्याला ते खरं वाटत असेल तर. त्यांना मनापासून वाटत होतं, हे मान्य. पण वाटणं वेगळं, घडणं वेगळं.”

“मग एवढ्या जणांना, एवढ्या लवकर, तसं वाटलं कशामुळे? सांग ना!”

“माहीत नाही.”

“डॉक्टरीणबाईंचं औषध संपलं!” मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. मला तो झोंबला. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणणारं, संध्याकाळभरात तेवढं एकच उत्तर होतं.

पाळकांना चेव चढला. आई गेल्यापासून सांगत आलेली गोष्ट त्यांनी काढली. मरताना आई उठून बसली, हात पसरून म्हणाली, ‘तो आला! येशू आला!’

“साक्षीदार माझ्या घरातच होती!” आणि बुक्की.

ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा तिच्यात आई नुसती हसली होती. उठून बसली ती नंतर. हात तर याच वर्षी पसरले. बहीण दरवेळी पहिल्या बाकावर मान खाली घालून ऐकायची. चारचौघांत भावाला खोटं कसं पाडायचं?

मित्रांनो, मला पॉलिश नको. माझ्यावर मूठ उगारण्याआधी स्वतःला एवढंच विचारा, हे आपल्याला कळलं कुठून?

बहीण उठली आणि माझ्याजवळ आली.

“ताई, इथे नको. घरी बोलू,” पाळक पुटपुटले.

“घरी कुठे सांगतोस तू? इथेच सांगतोस ना?”

तिने खळग्यावर हात ठेवला. आपटला नाही, नुसता ठेवला. मग ती लोकांकडे वळली.

“आजवर गप्प बसले, आता नाही. आईच्या उशाशी मी होते. हा प्रवासात होता. आई शुद्धीवर नव्हती. ती एक शब्दही बोलली नाही.”