शेक उतरवणारा रुमाल

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मंचावरच्या खाटेवर एक वृद्ध निजले होते, त्यांच्या छातीवर पांढरा रुमाल होता आणि रुमालावर धरलेले किरणमापक यंत्र टकटक करत होते. शीतलबाबांनी रुमाल उचलून पाण्याच्या घंगाळात टाकला. यंत्र चिडीचूप.

"शेक उतरला!" बाबा गरजले. "दवाखाना शेक देतो, पण काढतो का? पेशीपेशीत साठलेली ती अग्निऊर्जा हा रुमाल विलोम गतीने शोषून घेतो!"

मागे उभ्या असलेल्या, कर्करोगाच्या दवाखान्यातल्या तंत्रज्ञबाईंना विलोम गती म्हणजे काय, हे भौतिकशास्त्राची पदवी घेऊनही ठाऊक नव्हते. त्या आल्या होत्या शिंपीकाकांच्या शोधात. अन्ननलिकेच्या कर्करोगासाठी काकांना अठ्ठावीस दिवस किरण आणि सोबत आठवड्याला एक केमो ठरली होती. सोळा दिवस झाले आणि काका यायचे थांबले. आज चौथा खाडा.

काका तिसऱ्या रांगेत सापडले, काकूंसह.

"काका, तिकडे यंत्र तुमची वाट बघतंय."

"रागावू नका, ताई," काकांचा आवाज घोगरा होता. "घास उतरायला लागलाय. पण सोळा शेक अंगात मुरलेत. आधी ते काढतो, मग बघू."

"मुरलेत? कोणी सांगितलं?"

"तुम्हीच की!" काकू फणकारल्या. "रोज 'चला काका, शेक घ्यायला' कोण म्हणायचं? शेकलेली वीट तासभर गरम राहते. हा तर माणूस आहे!"

'किरणोपचार' हा शब्द जड, म्हणून सारा विभाग 'शेक' म्हणे, बाईही म्हणत. त्या सोयीच्या शब्दाने रोग्यांच्या डोक्यात विस्तव पेटवून ठेवला होता. वस्तुतः किरण देणारे यंत्र बंद होताच दिवा विझावा तसे ते किरण संपतात. अंगात काही उरत नाही. मग टकटक कशाची? बाबांनी एकाही रोग्याची छाती रुमाल ठेवण्यापूर्वी यंत्राने मोजली नव्हती, हे बाईंनी केव्हाच टिपले होते.

त्या सरळ मंचावर जाऊन खाटेवर आडव्या झाल्या.

"किती शेक झाले, बाळ?"

"एकतीस."

त्यांच्या छातीवर रुमाल पडला. यंत्र तडतडले. "बघा, केवढी ही आग!"

बाई उठून बसल्या. "बाबा, मी आयुष्यात एकही शेक घेतलेला नाही. मी शेक देणारं यंत्र चालवते."

"त्या खोलीत वावरून तुझ्यातही मुरलाय!" बाबा डगमगले नाहीत.

बाईंनी रुमाल शेजारच्या लाकडी खुर्चीवर पसरला आणि त्यावर यंत्र धरले. तडतड, तडतड.

"आणि ही खुर्ची कोणत्या दवाखान्यात भरती होती?"

सभागृहात हशा पिकला. तेवढ्यात काका धापा टाकत वर आले. त्यांनी रुमालाची कड चिमटीत धरून चोळली.

"दुमड दुहेरी आहे. आत काहीतरी शिवलंय. रुमालाला अस्तर कशाला हो, महाराज?"

त्यांनी नखाने टाका उसवला. आतून गॅसबत्तीची पांढरी जुनी जाळी निघाली. बाबांना एकाएकी ध्यानाची वेळ आठवली.

"अशा जाळ्यांत पूर्वी थोरियम घालत. त्यातून किरण निघतात," बाई म्हणाल्या. "यंत्र खरं, टकटकही खरी. लबाडी रुमालात होती."

काकांचा चेहरा पडला. "चार दिवस वाया घालवले मी. उद्या दुप्पट देऊन भरून निघेल?"

"नाही. अन्ननलिकेला खेटून हृदय, फुफ्फुसं आणि मज्जारज्जू आहे. मात्रा वाढवूनही पाहिलीय डॉक्टरांनी; रोगी त्याने जास्त जगले नाहीत. आणि कमी पडली तर गाठीला जीवदान. केमो सोबत असते ती किरणांचा परिणाम वाढवायला. अर्ध्यावर सोडलं की तिचीही मेहनत फुकट. खाड्याची भरपाई कशी करायची, ते डॉक्टर ठरवतील."

"म्हणजे मापाचं काम," काका पुटपुटले. "कापड जास्त लावलं म्हणून कोट नीट बसत नाही."

बाईंनी बाबांचा ध्वनिवर्धक उचलला. "माझ्यावरही आंधळा विश्वास ठेवू नका. पण कोणी चमत्कार दाखवला तर एवढं जरूर विचारा: ज्याला काहीच झालेलं नाही, त्याच्यावर हाच प्रयोग करून दाखवाल का? आणि उत्तर मिळेपर्यंत चालू उपचार सोडू नका."

काकूंनी खालूनच विचारले, "मग उद्या किती वाजता आणू यांना?"

"डॉक्टर सहापर्यंत आहेत," बाई म्हणाल्या. "आजच चला."