त्र्यंबकची बढती

दत्तोपंतांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं आणि त्या खेळाच्या वेडानं झपाटलेल्या शिवाजी पेठेत राहून हे कबूल करायची सोय नव्हती. म्हणून त्यांनी आपल्या अकलेनं त्या खेळाचा उलगडा करून घेतला होता. पंत कचेरीत कारकून. जगात जे काही चालतं ते कचेरीसारखंच चालतं, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. सगळ्यांत पुढे फॉरवर्ड, ते साहेब. त्यांच्यामागे हाफ, म्हणजे अव्वल कारकून. त्यांच्यामागे बॅक, ते आपले साधे कारकून. आणि पार शेवटी दारात उभा असतो तो गोलकीपर. तो शिपाई, दुसरं काय!

आणि पंतांचा त्र्यंबक हायस्कूलच्या टीमचा गोलकीपर होता. आठवीत होता, नववीत होता, आता दहावीतही होताच.

"इतकी वर्षं एकाच जागी!" पंत ताटावर करवादले. "बरोबरीची पोरं कुठल्या कुठे गेली!"

कालिंदीबाईंनी आमटी वाढली. हे वाक्य त्या लग्नापासून ऐकत होत्या, फक्त इतके दिवस पंत ते स्वतःबद्दल म्हणायचे. त्यांच्या हाताखाली शिकलेले दोघे अव्वल कारकून झाले, एकजण तर मामलेदार होऊन गाडीतून फिरू लागला. पंत मात्र खिडकीजवळच्या त्याच टेबलाशी. आपलं झालं ते झालं, पोराचं तसं होऊ द्यायचं नाही, या एका गोष्टीपायी त्यांची झोप उडाली होती.

"नाना, मला गोलातच बरं वाटतं," त्र्यंबक म्हणाला.

"मलाही वाटायचं," पंत म्हणाले. "सुरुवातीला."

दुसऱ्या दिवसापासून कचेरी सुटली की पंत थेट मैदानावर हजर होऊ लागले. शाळेचे ड्रिलमास्तर बसलिंगाप्पा सर गडहिंग्लजकडचे, भला दांडगा गडी. त्यांनी शिट्टी तोंडातून काढली की पंत पुढ्यात उभेच.

"सर, सेवाज्येष्ठतेचा विचार व्हावा."

"अवो पंत, ह्यो फुटबॉल हाय, कचेरी न्हवं!"

पंत समजूतदारपणे हसले. वरिष्ठ असंच काहीतरी बोलून वेळ मारून नेतात, हे त्यांना पाठ होतं. त्यांनी पिच्छा सोडला नाही. शेवटी सरांनी हात जोडले.

"शनवारी समोरची टीम लिंबूटिंबू हाय. घेतो त्याला पुढं. पर परत माझं डोस्कं खायला यायचं न्हाय."

शनिवारी पंत इस्त्रीचा कोट आणि काळी टोपी घालून मैदानावर आले. गोलात गुंडू नावाचा पोरगा उभा होता आणि त्र्यंबक सगळ्यांत पुढे. चुकून दुसऱ्याच्याच लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखा तो इकडेतिकडे बघत होता. पंतांची छाती मात्र भरून आली. पोरगं साहेब झालं!

थोड्या वेळानं चेंडू उंचावरून नेमका त्र्यंबकच्या डोक्याकडे आला. समोर गोल मोकळा. नुसतं कपाळ लावायचं काम होतं. त्र्यंबकनं झकास उडी मारली आणि चेंडू दोन्ही हातांनी धरून छातीशी घट्ट कवटाळला.

अख्खं मैदान पोट धरून हसलं. पुढे लिंबूटिंबूंनी गुंडूच्या पायांमधून चेंडू सारला आणि गोल केला. हसणं थांबलं.

पंतांच्या शेजारी एक मिशाळ गडी बसला होता. त्यानं हातातली शेंगांची पुडी खाली आपटली. "गोलात त्रंबक्या असला की आमी निवांत शेंगा खातो. आज घास गिळंना झालाय! कुणी हलवलं रं त्याला? कोण त्यो शहाणा?"

पंतांनी टोपी कपाळावर ओढली आणि अर्ध्या वेळाची शिट्टी होताच सरांना गाठलं.

"सर, बढती रद्द करा."

"आँ? आता?"

"आत्ताच्या आत्ता!"

त्र्यंबक गोलाकडे असा पळाला की शाळा सुटल्यावरही कधी पळाला नसेल. मग टीमच्या जिवात जीव आला, सगळे पुढे घुसले आणि गोल फिटला, बरोबरी झाली. पंत जाऊन गोलाच्या मागे उभे राहिले. खेळ सगळा पलीकडे, जल्लोष पलीकडे, आणि इथे पोरगं उन्हात एकटं. पंतांना भरून आलं.

"कंटाळा नाही का रे येत? सगळे पुढे गेले, तू एकटाच मागे."

"कंटाळा कशाचा, नाना?" चेंडूवरची नजर न हलवता त्र्यंबक म्हणाला. "मी मागं हाय म्हणून तर ते पुढं गेलेत."

इतक्या वर्षांत पंतांना हे कुणी सांगितलं नव्हतं, त्यांचं त्यांनाही सुचलं नव्हतं. त्यांचे डोळे भरले. त्यांनी ते कोटाच्या बाहीनं पुसले, इस्त्रीची पर्वा न करता.

तेवढ्यात समोरून एक पोरगा एकटाच चेंडू घेऊन सुसाट आला. त्र्यंबकनं त्याच्या पायांवर अंग झोकून दिलं. धुरळा खाली बसला तेव्हा चेंडू त्याच्या पोटाशी होता. मिशाळ गड्यानं खाली वाकून पुडी उचलली.

"काय पंत!" सर मैदानाच्या कडेवरून हसत ओरडले. "पाठवू काय परत फॉरवर्डला?"

वरिष्ठांपुढे जन्मात आवाज न चढवलेले दत्तोपंत सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असे गरजले,

"त्याच्या जागेला हात तर लावून बघा!"