पोटातलं पाणी न हलवता

मित्रांनो, मी एक जुना कंट्रोलर, म्हणजे चालकापुढची वीज सोडणारी पेटी आहे. विजेवर धावणारी अख्खी ट्राम माझ्या हुकमावर चालत असे. खरं सांगायचं, तर तिला एकदम चालू न देणं एवढंच माझं काम होतं.

कारखान्यात मला पितळी हँडल बसवलं आणि त्याला थांबायला खाचा दिल्या. मोटर स्वभावाने उतावळी. उभ्या मोटरला सगळी वीज एकदम दिली, की ती असा हिसका मारते की उभे प्रवासी बसलेल्यांच्या मांडीवर. म्हणून गाडीखाली लोखंडी जाळ्या असत. त्या बरीचशी वीज अडवत आणि स्वतः तापत. हँडल एक खाच पुढे सरकलं, की मी एक जाळी वाटेतून दूर करी आणि मोटरला थोडी जास्त वीज मिळे. घाई केली तर हिसका, रेंगाळलं तर जाळ्या जळणार.

मला हाताळणाऱ्या चालकबाईंना डेपोत सगळे ताई म्हणत. त्यांच्या तळहाताने माझं हँडल गुळगुळीत झालं.

एकदा त्यांच्या वडिलांना दवाखान्यातून घरी न्यायचं होतं. पाठीचं ऑपरेशन, टाके ओले. हिसका बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलेलं. रस्ते खड्ड्यांचे, म्हणून ताईंनी त्यांना आमच्याच गाडीत आपल्या मागच्या बाकावर बसवलं.

त्या दिवशी ताई प्रत्येक खाचेवर अंमळ जास्तच थांबल्या. जाळ्यांचा जळका वास यायला लागला. माझ्या जिवात जीव नव्हता. मागून कुणीतरी म्हणालं, "ताई, गाडी चालवताय की पाळणा हलवताय?"

"झोप आली तर झोपा," ताई म्हणाल्या. वळून बघितलंसुद्धा नाही.

तपासनीस चढला, उशिरावरून बडबडला, उतरला. आता जाळी जळणारच, असं मला वाटे आणि नेमका तेव्हाच ताईंचा हात पुढच्या खाचेवर जाई. असं दर थांब्याला.

घराजवळ गाडी उभी राहिली. ताई धावत मागे गेल्या.

"बाबा, दुखलं का हो?"

बाबांनी डोळे उघडले. "दुखायला काय झालंय? पण ही गाडी सुटणार कधी?"

आताच्या गाड्यांत खाचा नाहीत, जाळ्याही नाहीत. एक डबी सेकंदात असंख्य वेळा वीज चालू-बंद करते आणि मोटरला हवी तेवढीच देते. मी डेपोच्या भिंतीवर धूळ खात आहे. तरी डबीवर माझा राग नाही, मित्रांनो. फक्त काहीही चालू करताना मागे कोण बसलंय, ते एकदा बघत जा.

बाबा ठणठणीत बरे झाले. आता ते बसने जातात. ट्राम वेळेवर सुटत नाही, असं त्यांचं म्हणणं आहे.